करवत मासा पाकटांत का मोडतो?

प्रश्न : तळठाव

शार्क आणि पाकट हे मासे एकमेकांचे नातलग आहेत, दोघांचाही सांगाडा हाडांऐवजी कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाका-कानात असते तशा लवचीक ऊतीचा असतो आणि वर्गीकरणात दोघांना एकाच उपवर्गात ठेवले जाते, एवढे वाचनातून समजले आहे. मात्र त्या उपवर्गाच्या आत शार्क कोणाला म्हणायचे आणि पाकट कोणाला, हे ठरवताना माझा सारखा गोंधळ होतो. लांबट, निमुळते अंग आणि शेपटीच्या जोरावर पोहणे ही शार्कची खूण, तर चपटे अंग आणि दोन्ही बाजूंना पसरलेले रुंद पर ही पाकटाची खूण, असे मी धरून चाललो होतो. करवत माशाचे चित्र पाहिले की ही खूण टिकत नाही. त्याचे अंग लांबट आहे, पाठीवर दोन उंच पर आहेत, शेपटी थेट शार्कसारखी आहे आणि तरीही त्याची नोंद सगळीकडे पाकटांत केलेली दिसते. उलट ‘करवत शार्क’ नावाचा दुसरा एक मासा आहे, त्याच्याही तोंडापुढे तशीच दातेरी पट्टी आहे आणि तो मात्र शार्क मानला जातो. एंजल शार्क हा वाळूत पोट टेकून पडून राहणारा, चांगला चपटा मासा असूनही शार्कच आहे. गिटारफिश पुढून पाकटासारखा आणि मागून शार्कसारखा दिसतो.

तेव्हा मला प्रथम हे समजून घ्यायचे आहे की, या दोन गटांना वेगळे करणारी अशी एखादी खूण आहे का, जी कोणत्याही माशाला लावली तरी फसत नाही. दुसरे असे की, पाकट म्हणजे काळाच्या ओघात चपटे झालेले शार्कच आहेत, असे एका ठिकाणी वाचले. ते बरोबर आहे का? आणि तिसरे म्हणजे, काही जाती अंडी घालतात आणि काही थेट पिल्लांना जन्म देतात असेही वाचले आहे, तर हा फरक शार्क आणि पाकट यांच्यातील फरकाशी जुळतो की त्याची विभागणी वेगळीच आहे?

उत्तर : कालिंदी

तळठाव, आपण जी चार उदाहरणे निवडली आहेत, तीच या विषयाची सर्वांत चांगली परीक्षा घेतात, म्हणून त्यांच्या आधारेच उत्तर देते.

फसत नाही अशी खूण आहे, आणि ती म्हणजे कल्ल्यांच्या फटींची जागा. शार्कच्या फटी डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि पाकटाच्या फटी खालच्या अंगाला, पोटाकडे असतात. वरवर पाहता ही फार किरकोळ बाब वाटेल. पण तिच्यामागे शरीराच्या घडणीतील एक मोठा बदल आहे. पाकटाचा भ्रूण अगदी सुरुवातीला शार्कच्या भ्रूणासारखाच दिसतो आणि त्याच्याही फटी बाजूलाच असतात. पुढे छातीकडचे पर वाढत वाढत डोक्याकडे सरकतात आणि फटींच्या वरच्या बाजूने जाऊन डोक्याच्या कडेला जुळून येतात. पर वरून जोडले गेल्यामुळे फटी आपोआप खाली राहतात. म्हणजे फटी खाली असणे हा पर डोक्याला जोडले गेल्याचा परिणाम आहे, आणि पाकटाचे खरे लक्षण हे जोडले जाणे आहे. याच्या जोडीला शरीराच्या आतही एक खूण सापडते. पाकटाच्या मानेकडचे सुरुवातीचे मणके एकमेकांत मिसळून त्यांची एक ताठ नळी झालेली असते, आणि शार्कमध्ये तसे होत नाही.

आता आपले मासे तपासून पाहू. एंजल शार्कचे छातीचे पर फार रुंद आहेत आणि त्यांचा पुढचा कोपरा कल्ल्यांच्याही पुढे आलेला असतो, पण तो डोक्याला चिकटलेला नसतो. डोके आणि पर यांच्यामध्ये स्पष्ट खाच राहते आणि फटी त्या खाचेतच असतात. तो पोहतोही शेपटीने. म्हणून कितीही चपटा असला तरी तो शार्कच. गिटारफिशची आणि करवत माशाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. दोघांचे अंग मागे लांबट आहे आणि दोघेही शेपटी हलवूनच पुढे जातात, पण त्यांना उलटे करून पाहिले तर फटींच्या पाचही जोड्या पोटाकडे दिसतात आणि पर डोक्याच्या कडेला जुळलेले आढळतात. म्हणून हे दोघेही पाकट.

पोहण्याच्या पद्धतीवर विसंबणे का धोक्याचे आहे, हेही यावरून लक्षात येईल. पाकटांमध्येच पोहण्याच्या तीन-चार तऱ्हा आहेत. स्केट आणि काटेरी शेपटीचे पाकट परांच्या कडेने लाट खेळवत पुढे सरकतात, गरुड पाकट आणि मांटा पर वर-खाली हलवतात, तर विद्युत पाकटांच्या चकतीसारख्या गोल अंगात वीज निर्माण करणारी मोठी इंद्रिये सामावलेली असल्यामुळे ते शेपटीच्याच आधाराने पोहतात. गुदपर, म्हणजे पोटाखाली शेपटीच्या अलीकडे असणारा पर, नसणे हीदेखील पाकटांची खूण म्हणून अनेकदा सांगितली जाते. एकाही पाकटाला गुदपर नसतो हे खरे आहे. पण एंजल शार्क, करवत शार्क आणि डॉगफिश गटातील शार्क यांनाही तो नसतो. त्यामुळे गुदपर दिसला तर तो मासा पाकट नाही असे म्हणता येते, मात्र तो दिसला नाही तर काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

करवतीविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या दोन माशांची गल्लत अनेक सचित्र पुस्तकांतही झालेली दिसते. करवत शार्कच्या पट्टीच्या साधारण मध्यावर दोन लांब मिशा असतात. करवत माशाला मिशा नसतात. करवत शार्कच्या पट्टीवरचे दाते लहान-मोठे असे मिसळलेले असतात, ते गळून पडतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. करवत माशाचे दाते खोबणीत पक्के रुतलेले असतात आणि बुडाकडून आयुष्यभर वाढत राहतात, पण एखादा दाता मुळासकट निघाला तर तो पुन्हा येत नाही. आकारातही मोठी तफावत आहे. करवत शार्क सहसा दीड मीटरच्या आसपास थांबतो आणि करवत माशाच्या मोठ्या जाती सहा मीटरपेक्षाही लांब होतात. याहून नवलाची बाब अशी की, क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यात, अशाच करवतीचा एक तिसरा गट होऊन गेला. उत्तर आफ्रिकेतील खडकांत सापडणारा ऑन्कोप्रिस्टिस हा त्यांपैकी प्रसिद्ध. तोही पाकटच होता, पण आजच्या करवत माशांचा पूर्वज नव्हता. म्हणजे दातेरी पट्टीचे हे साधन कूर्चामत्स्यांत किमान तीन वेळा स्वतंत्रपणे तयार झाले आहे. माशाच्या अंगाचा आकार तो काय खातो, कुठे राहतो आणि कसा पोहतो हे सांगतो. तो कोणाच्या वंशातला आहे हे मात्र आकारावरून कळत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच दडलेले आहे. १९९०च्या दशकात केवळ शरीररचनेच्या तुलनेवरून काही अभ्यासकांनी असे मांडले होते की, पाकट हे शार्कच्याच वंशवृक्षातील एक फांदी असून करवत शार्क आणि एंजल शार्क त्यांचे सर्वांत जवळचे नातलग आहेत. पुढे जनुकांच्या तुलनेवर आधारलेले अभ्यास झाले तेव्हा ही मांडणी मागे पडली. सर्व शार्क एका फांदीवर आणि सर्व पाकट दुसऱ्या फांदीवर येतात, आणि या दोन फांद्या फार जुन्या काळी वेगळ्या झाल्या, असे आता मानले जाते. पाकटांचे जीवाश्म क्रिटेशसच्या आधीच्या जुरासिक काळाच्या सुरुवातीपासून मिळतात. त्यामुळे पाकट म्हणजे चपटे झालेले शार्क हे विधान, आज ज्यांना आपण शार्क म्हणतो त्यांच्या संदर्भात, बरोबर नाही. करवत शार्क हा मोठ्या पांढऱ्या शार्कला जितका जवळचा आहे, तितका तो करवत माशाला नाही.

एक गोष्ट जाता जाता नोंदवते. शार्कच्या ज्ञात जाती ५००हून अधिक आहेत आणि पाकटांच्या ६००हून अधिक. म्हणजे या उपवर्गातील बहुसंख्य मासे पाकटच आहेत, आणि त्यांतही स्केट सर्वाधिक. असे असताना लोकप्रिय लेखन मात्र मोठ्या दातांच्या चार-पाच शार्कभोवतीच फिरत राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद : प्राजक्त

कालिंदी यांचे उत्तर फार उपयोगी आहे. एक उपप्रश्न विचारतो. शाळेत असे शिकवले गेले की, कूर्चेचा सांगाडा हा आदिम आणि हाडांचा सांगाडा हा प्रगत. शार्क-पाकटांच्या वंशात हाड अजून तयारच झाले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो का? आणि सांगाडा इतका मऊ असेल, तर शिंपले फोडून खाणारे पाकट आहेत, असे वाचतो, ते कसे शक्य होते?

उत्तर : मनोहर_ख

प्राजक्त, शाळेतील ती मांडणी आता बदलावी लागेल. जबडा असलेल्या माशांचे सर्वांत जुने प्रकार चिलखतासारख्या हाडांच्या तकटांनी झाकलेले होते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. २०२० साली मंगोलियातील सुमारे ४१ कोटी वर्षे जुन्या मिन्जिनिया या माशाच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या कवटीच्या आतल्या बाजूलाही हाड होते, म्हणजे तिथे कूर्चेची जागा हाडाने घेतली होती. हा मासा शार्क आणि हाडांचे मासे यांचे मार्ग वेगळे होण्याआधीच्या शाखेतील आहे. त्यावरून असे दिसते की, शार्क-पाकटांच्या पूर्वजांत हाड होते आणि पुढच्या वंशजांनी ते सोडून दिले. तेव्हा कूर्चा हे त्यांचे मागासलेपण मानण्याचे कारण उरत नाही.

ती कूर्चाही मऊ नसते. तिच्या पृष्ठभागावर कॅल्शियम फॉस्फेटच्या अतिशय सूक्ष्म चकत्या एकमेकींना लागून बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे वजन न वाढता सांगाड्याला ताठपणा येतो. शिंपले फोडणाऱ्या गरुड पाकटांच्या आणि त्यांच्या नातलगांच्या जबड्यांत या चकत्यांचे अनेक थर असतात, आणि जबड्याच्या पोकळीत आधाराचे आडवे-उभे खांबही असतात. त्यांचे दात टोकदार नसून सपाट असतात आणि त्यांची मिळून फरशीसारखी एक पट्टी होते. एवढी तयारी असल्यावर शिंपला टिकत नाही.

दातांविषयी आणखी सांगायचे तर, शार्कचे दात जबड्यात रोवलेले नसून हिरडीच्या कातडीत धरलेले असतात आणि मागच्या ओळींतून नवे दात पुढे येत राहतात. कातडीवरचे खवलेही रचनेने दातच आहेत, कारण त्यांनाही आत गर, त्याभोवती दंतिन आणि वर कठीण लेप असतो. पाकटाच्या शेपटीवरचा विषारी काटा, करवतीचे दाते आणि कातडीचा खरखरीतपणा या तिन्ही गोष्टी याच एका मूळ रचनेची रूपे आहेत. अटलांटिक महासागरातील एका काटेरी पाकटाच्या नराचे दात तर विणीच्या हंगामात टोकदार होतात आणि हंगाम संपल्यावर पुन्हा मादीसारखे बोथट होतात, कारण मीलनाच्या वेळी मादीचा पर दातांनी धरून ठेवावा लागतो.

कूर्चा सहसा जीवाश्मरूपात टिकत नाही, दात मात्र टिकतात. म्हणून या माशांचा प्राचीन इतिहास बराचसा दातांवरूनच वाचावा लागतो. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका मोठ्या शार्कच्या डोक्याचे विच्छेदन निकोलस स्टेनो यांनी केले, आणि खडकांत सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड हे प्रत्यक्षात शार्कचे दात आहेत, हे पुढच्याच वर्षी मांडले. भूशास्त्राच्या पायाभरणीत त्या एका डोक्याचा वाटा मोठा आहे.

वय ठरवतानाही सांगाड्याची मदत होते. मणक्यांवर खनिजांची वलये बसतात आणि अनेक जातींत ती मोजून वयाचा अंदाज करता येतो. ग्रीनलंड शार्कच्या मणक्यांवर अशी वलये मिळत नाहीत, म्हणून २०१६ साली संशोधकांनी त्याच्या डोळ्यातील भिंगाच्या गाभ्याची कार्बन-चाचणी केली. तो गाभा जन्माआधी तयार होतो आणि नंतर बदलत नाही. तपासलेल्या माद्यांतील सर्वांत मोठीचे वय सुमारे ३९२ वर्षे आले. या अंदाजात १२० वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात, तरीही कमीत कमी २७२ वर्षे उरतातच. पृष्ठवंशीय प्राण्यांत याहून दीर्घायुषी प्राणी माहीत नाही. त्याची मादी प्रजननक्षम होण्यास दीडशे वर्षांच्या आसपास लागतात, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे.

उत्तर : रेवातीर

तळठाव यांचा तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे आणि माझ्या मते या माशांच्या जीवशास्त्रातील सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. थोडक्यात उत्तर असे की, अंडी की पिल्ले ही विभागणी शार्क आणि पाकट या विभागणीशी जुळत नाही. ती दोन्ही गटांना आडवी छेदून जाते.

दोन्ही गटांत समान असलेली बाब म्हणजे अंड्यांचे फलन मादीच्या शरीरात होते. नराच्या मागच्या परांच्या आतल्या कडेला दोन लांबट अवयव असतात आणि त्यांपैकी एकाचा वापर करून तो शुक्राणू मादीच्या शरीरात सोडतो. इथून पुढे मात्र वाटा फुटतात.

अंडी घालणाऱ्यांमध्ये शार्कपैकी मांजर शार्क, शिंगाड शार्क आणि आणखी काही गट येतात, आणि पाकटांपैकी सर्व स्केट येतात. या अंड्यांना कठीण, चामड्यासारखे कवच असते. स्केटचे कवच चौकोनी असून त्याच्या चारही कोपऱ्यांना शिंगे असतात. शिंगाड शार्कचे कवच स्क्रूसारखे पीळदार असते आणि खडकांच्या कपारीत अडकून बसते. आत भ्रूण बलकावर वाढतो आणि त्याला बाहेर यायला कित्येक महिने लागतात. बाहेर येणारे पिल्लू स्वतः शिकार करण्याइतके पूर्ण असते. हाडांच्या माशांप्रमाणे लाखो बारीक अंडी पाण्यात सोडून देणे हा मार्ग या उपवर्गात कोणीही धरलेला नाही.

पिल्लांना जन्म देणाऱ्यांमध्ये आईच्या पोटात पिल्लाला अन्न कसे मिळते, यावरून अनेक प्रकार पडतात. सर्वांत साधा प्रकार असा की, अंडे पोटातच राहते, भ्रूण स्वतःच्या बलकावरच वाढतो आणि बलक संपला की जन्म घेतो. काटेरी डॉगफिशमध्ये या प्रकाराला जवळपास दोन वर्षे लागतात. दुसरा प्रकार वाळू-वाघ शार्कमध्ये टोकाला गेला आहे. या मादीला दोन गर्भाशये असतात. प्रत्येकातील सर्वांत आधी वाढलेला भ्रूण आपल्या भावंडांना खाऊन टाकतो आणि त्यानंतर आई जी अफलित अंडी सोडत राहते, ती खात वाढतो. शेवटी दोनच पिल्ले जन्मतात, पण ती प्रत्येकी सुमारे एक मीटर लांब असतात. १९४८ साली स्ट्युअर्ट स्प्रिंगर यांनी या प्रकाराचे वर्णन केले. गाभण मादीची तपासणी करताना गर्भाशयातील भ्रूणानेच त्यांच्या हाताला चावा घेतला होता.

तिसरा प्रकार सस्तन प्राण्यांची आठवण करून देणारा आहे. निळा शार्क, बुल शार्क, हातोडी शार्क आणि त्यांच्या गटातील बहुतेक जातींत बलक संपत आला की रिकामी होणारी बलकाची पिशवी आईच्या गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते आणि तिची वार होते. गुळगुळीत डॉगफिशच्या बाबतीत हे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले होते. त्यावर अनेक शतके फारसा कोणी विश्वास ठेवला नाही, आणि अखेर १९व्या शतकात योहानेस म्युलर यांनी पुन्हा विच्छेदन करून त्याला दुजोरा दिला. चौथा प्रकार पाकटांचा आहे. काटेरी पाकट, गरुड पाकट आणि मांटा यांच्या गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर बोटांसारखे असंख्य बारीक धागे असतात, आणि त्यांतून चरबीने व प्रथिनांनी भरलेला दुधासारखा स्राव पाझरतो. पिल्लू तो पिऊन मूळ अंड्याच्या कितीतरी पट वजनाचे होते. मांटाची मादी सुमारे वर्षभराच्या गर्भकाळानंतर बहुधा एकच पिल्लू देते, आणि पुढचे पिल्लू व्हायला अनेकदा दोन वर्षांहून अधिक काळ जातो.

करवत माशाची चर्चा चालू आहे म्हणून हेही सांगतो की, तोही पिल्लांनाच जन्म देतो. जन्माच्या वेळी पिल्लाची करवत मऊ असते आणि दात्यांवर एक आवरण असते, त्यामुळे आईला इजा होत नाही. ते आवरण जन्मानंतर लवकरच निघून जाते.

पिल्लांच्या संख्येविषयी ठोकताळा बांधणे कठीण आहे. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका व्हेल शार्कच्या मादीच्या पोटात सुमारे ३०० भ्रूण होते, त्यांपैकी काही अजून अंड्याच्या कवचात होते आणि काही जन्माला तयार होते. त्याच गणातील शार्कपैकी अनेक जाती समुद्रतळावर अंडी घालतात.

नराशिवाय प्रजनन झाल्याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेतील ओमाहा येथील प्राणिसंग्रहालयात २००१ साली हातोडी शार्कच्या बॉनेटहेड या लहान जातीच्या मादीला पिल्लू झाले. त्या टाकीत त्या जातीचा नर नव्हता. जनुकीय तपासणीत पिल्लात पित्याचा अंश आढळला नाही आणि तो निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ साली फ्लोरिडातील नद्यांच्या मुखांत राहणाऱ्या करवत माशांतही अशी पित्याविना जन्मलेली पिल्ले मोकळ्या पाण्यात वाढत असल्याचे दिसून आले. लैंगिक प्रजननावरच अवलंबून असणाऱ्या पृष्ठवंशीय प्राण्यांत, निसर्गात वावरणारी अशी संतती सापडण्याची ती पहिली नोंद होती.

प्रतिसाद : तळठाव

सर्वांचे मनापासून आभार. कल्ल्यांची खूण लावून मी पुन्हा सगळी चित्रे पाहिली आणि आता गिटारफिशही अडत नाही. फक्त दोन शंका राहिल्या आहेत. कल्ले पोटाकडे असतील तर वाळूत पडून राहणारा पाकट श्वास कसा घेतो? आणि तीन वेगवेगळ्या गटांत करवत तयार झाली, याचा अर्थ तिचा मोठा उपयोग असला पाहिजे. तो नेमका कोणता?

उत्तर : कालिंदी

पहिल्या शंकेचे उत्तर डोळ्यांच्या मागे आहे. तिथे दोन्ही बाजूंना एक-एक श्वासरंध्र असते. तळाशी राहणारा पाकट त्यांतून वरचे स्वच्छ पाणी आत घेतो आणि खालच्या फटींतून बाहेर सोडतो, त्यामुळे तोंडातून वाळू ओढली जात नाही. करवत मासा आणि एंजल शार्क या दोघांचीही श्वासरंध्रे मोठी आहेत, कारण दोघेही तळाशी विसावतात. मोठा पांढरा शार्क आणि माको यांच्यासारख्या सतत पोहणाऱ्या जातींत ती अगदी बारीक असतात किंवा नसतातच. या जातींना कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्यासाठी पोहत राहणे भाग असते. सर्व शार्क थांबले की गुदमरतात, हा समज मात्र चुकीचा आहे. नर्स शार्क तोंडाने पाणी ओढून तळाशी तासन्‌तास पडून राहतो.

करवतीचा उपयोग समजण्यासाठी या माशांच्या विद्युतसंवेदनेकडे पाहावे लागेल. शार्क आणि पाकट यांच्या डोक्यावर बारीक छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्राच्या आत गोंदासारख्या पदार्थाने भरलेली नळी असते. स्टेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ साली या नळ्यांचे वर्णन केले, पण त्या कशासाठी आहेत हे कळायला जवळपास ३०० वर्षे लागली. १९७१ साली ॲड्रियानस काल्माइन यांनी एका चपट्या माशाला वाळूखाली अगारच्या, म्हणजे समुद्रशैवालापासून केलेल्या जेलीच्या, पेटीत ठेवले. अगारमधून वास बाहेर येत नव्हता आणि मासा दिसतही नव्हता, तरीही मांजर शार्क आणि स्केट नेमके तिथेच येऊन तोंड मारत. विद्युतरोधक पातळ पडदा घातल्यावर मात्र त्यांना मासा सापडेनासा झाला. सजीवाच्या श्वसनातून आणि स्नायूंतून जी क्षीण विद्युतक्षेत्रे निर्माण होतात, ती या नळ्या टिपतात. सेंटिमीटरला काही नॅनोव्होल्ट इतका सूक्ष्म फरकही त्यांना जाणवतो. बांबू शार्कचे भ्रूण तर अंड्याच्या कवचात असतानाच या संवेदनेने शत्रू जवळ आल्याचे ओळखतात आणि कल्ल्यांची हालचाल थांबवून निश्चल राहतात.

करवत माशाच्या पट्टीवर ही छिद्रे दाटीने पसरलेली असतात. त्यामुळे पट्टी हे त्याचे शोधाचे साधन आहे. ती मारण्याचेही साधन आहे, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्पष्ट झाले. टाकीतील लहान करवत माशांजवळ मासे धरले, तेव्हा ते करवत आडवी झटकून त्यांना घायाळ करत, कधी त्यांचे दोन तुकडे करत, आणि तळाशी पडलेल्या माशाला करवतीने दाबून धरून तोंडाखाली आणत. तोंड पोटाकडे असलेल्या माशाला समोरची शिकार दिसली तरी ती थेट तोंडात घेता येत नाही, आणि ती अडचण ही पट्टी दूर करते. करवत शार्कच्या पट्टीवरही अशी छिद्रे आहेत आणि त्याला मिशांच्या स्पर्शाचीही जोड मिळते.

करवत मासे खाड्यांत आणि नद्यांतही शिरतात. ही गोष्ट सोपी नाही, कारण शार्क आणि पाकट यांच्या रक्तात युरिया भरपूर साठवलेला असतो आणि त्यामुळे त्यांच्या शरीरातील द्रवांची तीव्रता समुद्राच्या पाण्याइतकी राहते. गोड्या पाण्यात आल्यावर हा साठा कमी करावा लागतो आणि मूत्रपिंडांचे काम वाढते. बुल शार्क आणि करवत मासा यांना हे जमते आणि ते पुन्हा समुद्रातही जाऊ शकतात. दक्षिण अमेरिकेतील नद्यांत कायमचे स्थायिक झालेले काटेरी पाकट मात्र युरिया साठवण्याची क्षमताच गमावून बसले आहेत, त्यामुळे त्यांना समुद्राकडे परतण्याचा मार्ग उरलेला नाही.

रेवातीर यांनी पिल्लांच्या संख्येविषयी जे लिहिले आहे, ते या करवतीशी जोडून पाहायला हवे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात कूर्चामत्स्यांच्या १,१९९ जाती तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी ३९१ जाती, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. या आढाव्यात पाकटांची स्थिती शार्कपेक्षाही वाईट निघाली. कारण जवळपास सर्वत्र एकच आहे, आणि ते म्हणजे प्रजननाच्या वेगापेक्षा जास्त मासेमारी. उशिरा वयात येणारा आणि मोजकी पिल्ले देणारा मासा ही तूट भरून काढू शकत नाही. करवत माशाच्या बाबतीत अडचण आणखी गंभीर आहे, कारण दातेरी पट्टी कोणत्याही जाळ्यात सहज अडकते आणि मोठ्या माशाला त्यातून सोडवणे जाळे न कापता जमत नाही. करवत माशाच्या पाच जाती आहेत आणि पाचही संकटात आहेत. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ साली बंदी आली, तेव्हा एका जातीला मर्यादित सवलत दिली होती. तीही २०१३ साली काढून घेण्यात आली.